घरचें तेल, घरचें मलम

पावसाळ्याच्या तोंडीं हौसेनें केलेलें औषधी तेल गणेशचतुर्थीपर्यंत आंबूस वास देऊं लागतें, बाटलीच्या गळ्याशीं बुरशी धरते, आणि घरांतील वडील मंडळी उसासा टाकून म्हणतात कीं झाडपाल्यांत आतां पूर्वीचा गुण राहिला नाहीं. झाडपाल्याचा यांत कांहीं अपराध नाहीं. तेलांत पाणी राहून गेलेलें असतें.

अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरांत, औषधी द्रव्यांची वाण कधींच नव्हती. अकोल्याच्या डोंगरांत हिरडा होतो, आणि तो वेंचून विकणें हा तेथील महादेव कोळी कुटुंबांचा जुना उद्योग; पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत कडुनिंब, तरवड, रुई हीं बांधाबांधावर उभीं. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं नगर शहरांत आयुर्वेद महाविद्यालय काढलें. ‘औषधी गुणधर्मशास्त्र’ हा ग्रंथही त्यांचाच. पिढीजाद वैद्याच्या हाताला जें आपोआप कळतें, तें वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांस शिकवावयाचें तर ‘अंदाजानें’ हा शब्द चालत नाहीं. माप आणि खूण सांगावी लागते. घरगुती कृतींत नेमक्या याच दोन गोष्टी गळतात.

मापाविषयीं शार्ङ्गधरसंहितेचा सामान्य नियम असा: वाटलेल्या वनस्पतीचा गोळा, ज्यास कल्क म्हणतात, तो १ भाग, तेल किंवा तूप ४ भाग, काढा १६ भाग. पायांच्या चिखल्यांना लावण्यासाठीं कडुनिंबाचें तेल करावयाचें असल्यास पाल्याचा कल्क ५० ग्रॅम, तिळाचें तेल २०० ग्रॅम व पाल्याचाच काढा ८०० ग्रॅम घ्यावा. इतकें पाणी घालावयाचें आणि मग तें सगळें आटवावयाचें, हा खटाटोप व्यर्थ वाटतो. पण मर्म त्यांतच आहे. पातेल्यांत जोंवर पाणी आहे तोंवर उष्णता १०० अंशांच्या फारशी पलीकडे जात नाहीं, आणि पाला न करपतां आपला अंश तेलास देत राहतो. पाणी सरलें कीं तेल झपाट्यानें तापतें व कल्काचा कोळसा होण्यास वेळ लागत नाहीं. तेव्हां सुरुवातीस नव्हे, शेवटच्या घटकेस पातेल्यापाशीं हजर राहिलें पाहिजे.

खूण ओळखावयाची ती तेव्हांच. थोडा कल्क काढून बोटांत वळावा. न चिकटतां त्याची वात झाली पाहिजे. ती विस्तवावर धरावी. चडचड आवाज झाला तर आंत पाणी आहे, कारण तो आवाज वाफ होऊन फुटणाऱ्या थेंबांचाच असतो. निमूट जळली तर पाक झाला. याच वेळीं तेलास फेंस येतो. तुपाचें उलट, त्याचा फेंस बसतो. मग गरम असतांनाच फडक्यानें गाळून अगदीं कोरड्या बाटलींत भरावें, आणि पुढें त्यांत ओला चमचा बुडवूं नये.

असें तेल हातीं आलें कीं मलम सोपें. मधमाशांचें मेण १ भाग व तेल ५ ते ६ भाग, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरें भांडें ठेवून त्यांत वितळवावें. थंड ताटलीवर थेंब टाकून घट्टपणा पाहावा. नगरच्या उन्हाळ्यांत मेण थोडें अधिक लागतें. मेणबत्तीचें मेण हें खनिज तेलापासून निघतें. तें येथें नको.

शतधौत घृत मात्र याच्या अगदीं उलट जातीचें. तांब्याच्या परातींत गाईचें तूप पाण्याबरोबर घोटावयाचें, पाणी ओतून द्यावयाचें, नवें घ्यावयाचें, असें शंभर वेळां. चाळिसाव्या वेळीं हात दुखूं लागतो आणि मोजणी वेगानें पुढें सरकते, तो भाग वेगळा. शेवटीं पांढरें, लोण्याहून मऊ, वास गेलेलें तूप उरतें. त्यांत पाण्याचे सूक्ष्म कण अडकलेले असतात. म्हणूनच तें त्वचेस थंड लागतें, आणि म्हणूनच थोडें करून लवकर संपवावें.

भाजल्याबरोबर हेंच तूप थापण्याची घाई मात्र घातक. तुपाच्या थराखालीं उष्णता कोंडते. प्रथम २० मिनिटें वाहतें गार पाणी. फोड फुटला असेल, भाजलेला भाग मोठा असेल किंवा रोगी मूल असेल तर घरचें कांहींही न लावतां दवाखाना गांठावा.

विळ्याकोयत्याच्या घावाचेंही तेंच. शेतावर दगडी पाला चोळून लावण्याची चाल सर्वत्र आहे. (आजीबाईंच्या बटव्यांतील हें रोप मूळचें अमेरिका खंडांतलें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.) ओरखड्यापुरतें तें ठीक. खोल जखमेंत मात्र पाल्याबरोबर माती जाते. धनुर्वाताचे जंतू मातींतच असतात, आणि हवा न पोंचणाऱ्या जागीं ते वाढतात. अशी जखम स्वच्छ पाण्यानें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी व धनुर्वाताची लस केव्हां टोंचली होती तें त्यांना सांगावें.