पिंपांवरचं गाव

मध्य व्हिएतनाममध्ये, पूर्वीच्या क्वांग बिन्ह प्रांतात, चुनखडीच्या डोंगरांनी वेढलेलं तान होआ नावाचं गाव आहे. मधे सपाट खोरं, त्यात शेती आणि वस्ती. या खोऱ्यातल्या नदीला बाहेर पडायला उघडी वाट नाही. ती डोंगराच्या पोटातल्या गुहांत शिरते आणि पलीकडे निघते. एरवी तेवढं पुरतं. पण ऑक्टोबरच्या वादळी पावसात गुहेत मावेल त्याहून कितीतरी जास्त पाणी येतं आणि मोरीत बोळा अडकावा तसं सगळं खोरं तुंबतं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये घरांची छपरं पाण्याखाली गेली. माणसं डोंगरावर चढून वाचली. धान्य आणि गुरं मात्र गेली.

त्यानंतर गावाने जे केलं ते कुठल्याही आर्किटेक्टच्या पाटीवर उमटलेलं नव्हतं. तेलाची रिकामी पिंपं आणायची, लाकडी चौकटीखाली ती ओळीने आवळायची, वर फळ्यांची जमीन, पत्र्याचं छप्पर, झाली एक खोली. खोलीच्या बाजूंना उंच खांब रोवायचे आणि चौकट त्या खांबांना अशी अडकवायची की ती वर-खाली सरकेल पण बाजूला जाणार नाही. कोरड्या दिवसांत ही खोली अंगणात बसून असते. पाणी चढू लागलं की घरातले तांदूळ-कपडे-टीव्ही तिच्यात हलवायचे आणि माणसांनीही तिथेच जायचं. आज गावात अशी सहाशेहून अधिक घरं आहेत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्या भागात पुन्हा महापूर आला तेव्हा लोक याच खोल्यांत राहिले. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने तान होआला जगातल्या उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत घेतलं. आता तिथे पाहुण्यांसाठीही तरंगत्या खोल्या आहेत.

जमिनीवर बसणारं आणि पुरात तरंगणारं, म्हणून अशा घराला उभयचर म्हणतात. यातलं शास्त्र आर्किमिडीजच्या काळापासून ठाऊक आहे. २०० लिटरचं पत्र्याचं पिंप पूर्ण बुडालं तर २०० किलो पाणी बाजूला सारतं. पिंपाचं स्वतःचं वजन वीसेक किलो धरलं, तरी ते १८० किलो उचलून धरतं. वीस पिंपं म्हणजे साडेतीन टनांहून थोडं जास्त. लाकूड, पत्रा, चार-पाच माणसं आणि पोत्यांतलं धान्य एवढ्याला हे भरपूर झालं.

पण तान होआ यशस्वी होण्यामागे पिंपांइतकंच तिथल्या पाण्याचं वळण आहे. तिथे पाणी चढतं, धावत नाही. कोंडलेल्या खोऱ्यात ते तळ्यासारखं भरतं आणि तळ्यासारखंच उतरतं. वाहता लोंढा असता, त्यात झाडांचे ओंडके असते, तर खांब मोडले असते आणि खोल्या वाहून गेल्या असत्या. उभयचर घरांवर लिहिणारे या मुद्द्यावरून फार घाईने पुढे जातात असं मला वाटतं. घर कसं बांधलंय हे विचारण्याआधी पाणी कसं येतं, हे विचारायला हवं.

असंच मंद चढणारं पाणी लुइझियाना राज्यात रॅकुर्सी ओल्ड रिव्हर या तळ्याला असतं. १८४८ मध्ये मिसिसिपीचं एक वळण छाटून नदी सरळ केली, तेव्हा मागे राहिलेला हा तुकडा. मासेमारीसाठी लोकांनी त्याच्या काठावर छोटी घरं बांधली. ही घरं बंधाऱ्याच्या नदीकडच्या बाजूला असल्याने मिसिसिपी फुगली की तळंही फुगतं. सत्तरच्या दशकापासून तिथल्या लोकांनी घरांखाली थर्मोकोलसारख्या फोमचे मोठे ठोकळे बसवायला सुरुवात केली आणि कोपऱ्यांना खांब रोवले. पाणी आलं की घर उठतं, गेलं की जागेवर बसतं. ना परवानगीचा कागद, ना इंजिनिअरचा शिक्का.

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर सरकारी उपाय मुख्यतः एकच होता : घरं कायमची उंच खांबांवर चढवा. तेव्हा लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत असलेल्या एलिझाबेथ इंग्लिश यांना ते पटेना. त्या शहरातल्या जुन्या लाकडी घरांना पुढे ओटा असतो, ओट्यावरून रस्त्याशी बोलणं चालतं. घर दहा फूट वर गेलं की म्हातारी माणसं जिन्यावर अडकतात आणि गल्ली मुकी होते. शिवाय उंच घराला वादळाचा वाराही जास्त झोडपतो. इंग्लिश यांनी २००६ मध्ये ‘बॉयंट फाउंडेशन प्रोजेक्ट’ सुरू केला आणि ओल्ड रिव्हरच्या कोळ्यांची युक्ती शिस्तीत मांडली. जुन्या घराखाली पोलादी चौकट, चौकटीत फोमचे ठोकळे, कोपऱ्यांना घराबरोबर लांबणारे खांब. पाण्याच्या आणि विजेच्या जोडण्या लवचिक ठेवायच्या, गॅस आणि सांडपाण्याच्या नळ्या घर उठताच आपोआप सुटून बंद व्हाव्यात अशा करायच्या.

अडलं ते विम्यापाशी. अमेरिकेत पुराचा विमा प्रामुख्याने केंद्र सरकारच्या योजनेतून मिळतो आणि त्या योजनेच्या नियमांत तरंगून वर जाणारा पाया बसत नाही. सवलतीचा विमा नाही, म्हणजे कर्जाचीही अडचण. ज्याच्याकडे रोख पैसे आहेत आणि विम्याची पर्वा नाही, तोच हे करू शकतो. गरिबांसाठी म्हणून निघालेली गोष्ट अशी गरिबांच्याच दारात अडली. नियम करणाऱ्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. बंधारा जिथे फुटला त्या लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये पाण्याच्या धक्क्याने घरं पायावरून निघून गेली होती, तिथे फोमने काही वाचलं नसतं. पाणी उतरताना घराखाली ओंडका किंवा गाळ साचला तर घर तिरकं बसतं, हाही खरा धोका आहे. पण उथळ, संथ पुराच्या भागालाही तोच नियम लावणं मला समजत नाही.

श्रीमंतांच्या बाबतीत वाट निघते. नेदरलँड्समध्ये मास नदीकाठी मासबोमेलला, संरक्षक बांधाबाहेर, ३२ उभयचर घरं बांधली गेली. पोकळ काँक्रीटचा तळ, दोन-दोन घरांना सामाईक खांब, आणि घर साडेपाच मीटरपर्यंत वर जाण्याची सोय. २०११ च्या जानेवारीत ती खरोखर तरंगली. जगभरच्या मासिकांत झळकलेली ही घरं मुख्यतः सुट्टीच्या मुक्कामासाठी आहेत. मला त्यापेक्षा पृथुला प्रसून यांचं ढाक्यातलं २०१० चं ‘लिफ्ट हाउस’ जास्त महत्त्वाचं वाटतं. मधे विटांचा स्थिर गाभा आणि दोन बाजूंना बांबूची दोन घरं. एका घराखाली पोकळ फेरोसिमेंटचा तळ, दुसऱ्याखाली पाण्याच्या वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या.

हे वाचताना कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ आठवणं अपरिहार्य आहे. २०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगेचं पाणी त्या तालुक्यात शिरलं, तेव्हा ते चिपळूणच्या वाशिष्ठीसारखं धाडकन आलं नाही. फुगवट्याने हळूहळू चढलं आणि दिवसच्या दिवस गावांत बसून राहिलं. म्हणजे पाण्याची अट निदान काही गावांत पुरी होते. घरांची होत नाही. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी नऊ इंची विटांची एक भिंत चार टनांच्या आसपास भरते. ती एकटी तरंगवायला बावीस-तेवीस पिंपं लागतील, स्लॅब वेगळाच. तेव्हा पक्कं घर उचलायचा विचार सोडून तान होआसारखी अंगणातली वेगळी खोली हाच मार्ग उरतो. नदीकाठी आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. मग खांबांना अडकवलेल्या या खोलीला बांधकाम धरायचं की होडी, हे आधी ठरवावं लागेल.

आणि खोली झाली तरी गोठा राहतोच. पुरात गाव न सोडण्याचं कारण विचारलं तर पहिलं उत्तर जनावरांचं येतं. एका म्हशीचं वजन पाचशे किलो धरलं, तर तिला तीन पिंपं पुरतात. हिशेब सोपा आहे. पण म्हैस पोत्यासारखी एका जागी राहत नाही. चार म्हशी बिथरून एका कडेला सरकल्या की दोन टन वजन त्या बाजूला जातं आणि तराफा कलतो. त्यासाठी तळ खूप रुंद हवा, जनावरं आडव्या दांड्यांनी वेगवेगळी बांधायला हवीत, आणि आठवडाभराची वैरण ठेवायला जागा हवी. तान होआत जनावरं डोंगराकडे हाकता येतात. शिरोळच्या सपाटीवर डोंगर नाही, तेव्हा पहिला प्रयोग करायचा झालाच तर तो माणसांच्या खोलीआधी गोठ्याचा करावा लागेल.