नाकामागचं दुखणं (लेखांक ४) : गोळी पोचत नाही तिथे

पावसाळा सरता सरता इंदरगंजातल्या गच्च्यांवर कूलर धुवायचं काम निघतं. टाकीतलं पाणी ओतून टाकलं तरी तळाशी बोट फिरवा, बुळबुळीत थर लागतोच. नुसतं पाणी मारून तो जात नाही, घासावा लागतो. जुनाट सायनसच्या रोग्यांत नाकामागच्या अस्तरावर बसलेला थर पुष्कळदा याच जातीचा असतो. त्याला म्हणतात बायोफिल्म.

गालाच्या पोकळीचं तोंड तळाशी नसून वरच्या अंगाला असतं, हे गेल्या आठवड्यात आलंच आहे. तिथला शेंबूड सूक्ष्म केसांना चढावर ढकलत न्यावा लागतो. सुजेने तोंड बुजलं की तो साचतो आणि जिवाणूंना बस्तान मांडायला निवांत जागा मिळते. ते अस्तराला चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं, डीएनए यांचा चिकट गर उभा करतात.

मग नेहमीची रड. चौकातल्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं, चार दिवस बरं वाटायचं, महिन्याभरात पुन्हा डोकं जड, घशात पिवळं उतरतंय, फोडणीचा वास येत नाही. गोळीने मोकळे फिरणारे जिवाणू मरतात. गराच्या तळातले उपाशी, अर्धवट झोपलेले असतात, वाढतच नाहीत. आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तर वाढत्या जिवाणूलाच गाठतात. प्रयोगशाळेत काही थरांना हजारपटीपर्यंत मात्रा लागलेली आहे. तेवढी माणसाला देणार कशी? नाकातला स्राव तपासायला दिला तर रिपोर्ट पुष्कळदा ‘नो ग्रोथ’ येतो, कारण झोपलेले जिवाणू बशीत उगवत नाहीत. रोगी मात्र ‘मनाचे खेळ’ ऐकून घरी येतो. हे मला फार खटकतं.

दातांवरच्या थरातले जीव लेव्हेनहुकने १६८३ मध्येच पाहिले होते. सायनसच्या अस्तरावर हा थर सूक्ष्मदर्शकातून दिसल्याचं प्रसिद्ध व्हायला २००४ साल उजाडलं. तरी सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. धडधाकट माणसांतही तो कधी कधी सापडतो. आधी सूज की आधी थर, हा वाद मिटलेला नाही.

बारा आठवड्यांवर दुखणं गेलं असेल तर आणखी एक पाकीट आणू नका, कंपूतल्या जयारोग्यची किंवा दुसरी कुठली नाक-कान-घशाची ओपीडी गाठा. मिठाच्या पाण्याने धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे हा पाया. भागलं नाही तर दुर्बिणीने तोंडं मोकळी करतात. त्याचा मोठा फायदा असा की एरवी दारातूनच परतणारं पाणी नंतर आत पोचतं. अमेरिकेत कुणी १ टक्का बेबी शाम्पूही घालून पाहिला. काहींना आराम पडला, काहींना सोसवला नाही. घरी करू नये.

आपल्या घरांतला नेतीचा लोटा चालेल. पाव लिटर पाण्याला चहाचा अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी मात्र नळाचं थेट नको, उकळून कोमट केलेलंच हवं. आणि लोटा रोज घासून वाळवा, थर त्यातही धरतो.