जुनी स्पोर्ट्स कार रोज चालवता येते का? पारनेर–सुपा रस्त्यावरचा हिशेब

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे व्हिडिओ बघितले की एक प्रश्न मनात येतोच. अशी गाडी फक्त रविवारी पुसून बाहेर काढायची, की तिच्यातून रोज कामालाही जाता येतं? आणि तेही मुंबई-पुण्यात नाही, तर पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी?

थोडक्यात उत्तर: जाता येतं. पण गाडीचा रंग आणि आवाज बघण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. कागद, पेट्रोल आणि ब्रेक. यातल्या एकीकडे जरी दुर्लक्ष केलं, तर हौस महागात पडते.

समजा, तुम्ही पारनेरला राहता आणि सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहात. रोजचं जाणं-येणं, आठवड्यातून एकदा अहिल्यानगर, अधूनमधून पुणे. हा वापर डोळ्यासमोर ठेवून एकेक गोष्ट समजून घेऊ.

कोणत्या गाडीबद्दल बोलतोय?

जगभरात रोजच्या वापरासाठी सुचवली जाणारी क्लासिक स्पोर्ट्स कार म्हणजे ब्रिटनची एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात ती बनली आणि तिच्या भावंडांसह पाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. इंजिन १७९८ सीसीचं, रचना एकदम साधी. गाडी बंद होऊन चार दशकं उलटली तरी तिचे सुटे भाग आजही नवीन बनतात. रोज चालवायच्या जुन्या गाडीसाठी वेगापेक्षा हाच गुण मोठा.

आपल्या शेजारी गोव्यातही एक प्रयोग झाला होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथे सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार बनली. बॉडी फायबरची आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. फायबरची बॉडी गंजत नाही, हा फायदा. पण गाड्या थोड्याच बनल्या, त्यामुळे काच, दिवे, बॉडीचे भाग मिळवणं अवघड. म्हणजे 'दुर्मिळ' हा शब्द विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, रोज चालवणाऱ्याच्या नाही.

पहिली गोष्ट: कागद

इथे दोन गैरसमज आहेत.

पहिला, '१५ वर्षं झाली की गाडी भंगारात'. असं नाही. जुन्या गाड्यांवरचे वयाचे कडक निर्बंध दिल्ली परिसरातले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पण तपासणी करून ती पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पारनेरची गाडी एमएच १६ म्हणजे अहिल्यानगर आरटीओकडे जाते. पर्यावरण करही भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आणि आयात केलेल्या कारचं ८०,००० रुपये झालं. एमजीबीसारखी गाडी घेताना हा फरक आधीच हिशेबात धरा.

दुसरा गैरसमज जास्त महागडा आहे. '५० वर्षं झाली, व्हिंटेज नंबर घेऊन टाका' असा सल्ला सर्रास मिळतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो आणि ही नोंदणी १० वर्षं चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, तांत्रिक संशोधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. म्हणून रोज चालवायची असेल तर भारतात आधीच नोंदलेली, साधी खासगी नोंदणी चालू असलेली गाडीच बघा.

आरसी बुकवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. कुणीतरी इंजिन बदललं असेल आणि आरटीओत नोंद नसेल, तर ती भानगड तुमच्या गळ्यात पडते. विमा घेतानाही एक लक्षात ठेवा. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. फोटो, बिलं, मूल्यांकन जवळ असेल तर ती योग्य ठरवून घेता येते.

दुसरी गोष्ट: पेट्रोल

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसापासून बनलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं. आज पंपावर मिळणारं ई२० म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. नवीन गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीला मात्र तीन अडचणी येतात.

• जुन्या रबराचे पाइप, पंपाचा पडदा आणि वॉशर इथेनॉलमुळे फुगतात किंवा चिरतात. पेट्रोल गळतं आणि ते गरम इंजिनवर पडलं तर आग लागते.
• शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. नवीन गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तो पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि झटके देतं.
• इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकतं.

उपाय अवघड नाहीत. इथेनॉल चालणारे पाइप आणि वॉशर बसवा, कार्ब्युरेटरचं मिश्रण ई२० नुसार सेट करून घ्या. लिटरमागे पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरणारच. त्यासाठी मेकॅनिकला दोष देऊ नका.

आणखी एक. भारतात २००० पासून पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. हे शिसं जुन्या इंजिनातल्या व्हॉल्व्ह सीटची झीज कमी करायचं. म्हणून घेताना विचारा, हेडचं काम झालंय का, कडक धातूच्या सीट बसवल्यात का?

उन्हाळ्याचं काय?

पारनेर पर्जन्यछायेतला तालुका. कोरडी हवा जुन्या पत्र्याला चांगली. कोकणापेक्षा गंज कमी. पण एप्रिल-मेचं ऊन इंजिनची परीक्षा घेतं. जुन्या गाडीत पेट्रोलची लाइन आणि कार्ब्युरेटर बऱ्याचदा गरम इंजिनला खेटून असतात. चहासाठी दहा मिनिटं थांबलात की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरूच होत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात.

रेडिएटर आतून साफ करून घेणं, जोडीला इलेक्ट्रिक पंखा लावणं आणि पेट्रोलची लाइन उष्णतेपासून लांब नेणं, एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं. धूळ जास्त असल्याने एअर फिल्टरही वरचेवर बघायचा.

तिसरी गोष्ट: ब्रेक, टायर आणि दिवे

गाडी सुरू झाली नाही तर फार तर खाडा पडेल. थांबली नाही तर जीव जाईल. म्हणून पैसे कमी असतील तर पेंटिंग पुढे ढकला, ब्रेक नाही.

साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असतं. एका चाकाजवळ पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाड्यांत दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं धरतं. एबीएस आणि एअरबॅगचा तर तेव्हा प्रश्नच नव्हता. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवता येत असेल तर तो खर्च आधी करा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. तेही ओल ओढतं.

टायरची नक्षी बघून फसू नका, तारीख बघा. बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खूप वर्षं उभ्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि आतून कडक झालेले असतात.

आणि दिवे. उसाच्या हंगामात नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे लाल दिवाच नसतो. जुन्या गाडीचा पिवळट उजेड अशा वेळी पुरत नाही. हेडलाइटला रिले लावून जाड वायर टाकली तर त्याच बल्बचा उजेड वाढतो. आपल्याही मागे रिफ्लेक्टर हवेच.

स्पीडब्रेकर ही शेवटची परीक्षा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावागावातले उंचवटे तसे कुठे असतात? म्हणून गाडी घेण्याआधी एकदा तुमच्या रोजच्या रस्त्यावर, शेजारी माणूस बसवून चालवून बघा.

मग रोज चालवणं चांगलं की उभी ठेवणं?

बहुतेकांना वाटतं, कमी वापरली की जास्त टिकेल. प्रत्यक्षात उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर गंजतात, जेटमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो. पारनेर ते सुपा एवढ्या प्रवासात इंजिन नीट तापतं आणि ऑइलमधली ओल उडून जाते. वर सांगितलेली कामं झालेली असतील, तर रोजचा वापर या गाड्यांना मानवतो.

फक्त ती घरातली एकुलती एक गाडी नसावी. एखादा भाग यायला दोन आठवडे लागतील, तेव्हा कामाला जायला दारात दुसरं वाहन हवं. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर त्यासाठीही तेच वाहन. एवढी सोय असेल आणि रविवारी हात काळे करायची तयारी असेल, तर खुशाल घ्या.