पाणी ज्याच्या हाती

माझ्या दहावीच्या वर्गात सध्या टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' या दप्तरातून त्या दप्तरात फिरतंय. पाचशेच्या वर पानं, तीही इंग्रजी. आणि हे लातूर आहे. दहावी संपायच्या आतच नीटच्या फाउंडेशनचं वेळापत्रक घरातल्या भिंतीवर चिकटवलेलं असतं. तरी मुली वेळ काढून वाचतात, अडलं की एकमेकींना विचारतात. पालकसभेत एका वडिलांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, ह्या जादूच्या पुस्तकांतून लेकरांना मिळतंय काय?" प्रश्न रास्त होता. सभेत दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून इथं लिहिते.

या प्रकारच्या कादंबऱ्या किशोरांसाठी लिहिलेल्या असतात, आणि त्यांत जादू असते ती पाणी, माती, आग, वारा यांच्यावरची. कुणी लाट उभी करतं, कुणी ज्वाळा वळवतं. एवढंच असतं तर मुलांनी त्या आठवडाभरात बाजूला टाकल्या असत्या. खरी कथा सुरू होते ती ही ताकद असलेल्या माणसांचं राज्यकर्ते काय करतात, तिथून. अडेयेमीच्या ओरिशा राज्यात राजानं जादूगारांची कत्तल केलेली आहे. मागं उरली त्यांची मुलं. पांढऱ्या केसांमुळे ती दुरूनही ओळखू येतात. त्यांच्यावर वेगळा कर आहे, तो थकला की वेठबिगारी. नायिका झेलीचा बाप कर भरायचा म्हणून अंगात बळ नसताना मासे धरायला समुद्रात जातो आणि बुडता बुडता वाचतो. वर्गात मी हा भाग मराठीत सांगितला तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर सावकाराच्या हप्त्यासारखं झालं." तो औसा तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला जादू समजावून सांगावी लागली नाही.

अडेयेमी नायजेरियन वंशाची, अमेरिकेत वाढलेली. 2018 मध्ये तिचं हे पहिलं पुस्तक आलं. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीनं मरणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या बातम्यांनी ती हादरली होती, आणि ते दुःख तिनं योरुबा देवदेवतांच्या जगात नेऊन मांडलं. एन. के. जेमिसिन हिच्या 'द फिफ्थ सीझन' (2015) मध्ये काही माणसांना भूकंप थोपवता येतो आणि घडवताही येतो. राज्याला त्यांची गरज असते आणि धाकही वाटतो, म्हणून त्यांना लहानपणीच पकडून एका संस्थेत ताब्यात ठेवलं जातं. हे पुस्तक मोठ्यांसाठी आहे, दहावीच्या मुलांच्या हाती मी ते देणार नाही. पण कथा त्यांना सांगितली आहे.

सांगताना मला थांबावं लागलं, कारण माझं माहेर नांदेडचं आहे आणि 30 सप्टेंबर 1993 मला आठवतो. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे थर चढवलेली माळवदं. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट खडक, इथं असं काही होत नाही, असंच तोवर मानलं जायचं. आम्ही नांदेडला अंगणात येऊन बसलो होतो. वडील अनवाणी उभे होते आणि आम्हा मुलांना जमिनीला हात लावू देत नव्हते. पुढं नांदेड शहरालाच लहान धक्क्यांनी बराच काळ छळलं. निलंगा तालुक्यातल्या हासोरीच्या लोकांनी 2022 मध्ये जमिनीतून येणाऱ्या आवाजांमुळे रात्री घराबाहेर काढल्या. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेत टॉफ नावाची आंधळी मुलगी आहे. ती पायांच्या तळव्यांनी जमिनीची थरथर ओळखून वावरते. आमच्या मुलांची ती सगळ्यात लाडकी आहे आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती 144 कलम लावलं होतं. पाण्याजवळ पाच माणसांनी जमायचं नाही! 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आज दहावीत असलेली मुलं तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. घागरींची रांग, नळाला पाणी आल्यावर मध्यरात्री उठवणारी आई, हे त्यांच्या अगदी पहिल्या आठवणींमध्ये आहे. पाणी कुणाच्या ताब्यात, टँकर आधी कुणाच्या गल्लीत वळतो, हे ज्यांनी कडेवर बसून पाहिलं त्यांना अशा कादंबरीतली सत्ता पहिल्याच प्रकरणात कळते. त्या पालकांना मला पहिल्यांदा हेच सांगायचं होतं: मुलं पळून जाण्यासाठी हे वाचत नाहीत.

मात्र या कथांमधलं बंड मला नेहमी पटत नाही. बहुतेक ठिकाणी बंड करणारी मुलगी जन्मतःच खास असते, तिच्या रक्तातच काहीतरी असतं, भाकीत तिच्याच नावाचं असतं. बाकीची जनता तिच्या मागं उभी राहून घोषणा देते. निजामाच्या राजवटीविरुद्धचं मराठवाड्यातलं बंड असं नव्हतं. 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली, मुलांनी ती जुमानली नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यांतले बरेच नागपूरला जाऊन शिकले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. ही माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी पोरं होती, आणि भाकितात त्यांच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ शाळामास्तर होते. 1948 च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, तयारी निजामाच्या हद्दीबाहेर उमरखेडच्या कॅम्पात झाली, आणि त्या पैशाचा पै न पै हिशेब ठेवला गेला असं जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. जगातल्या कुठल्या कादंबरीत बंडखोर हिशेबाची वही लिहिताना मी वाचलेले नाहीत. ती वही मला आगीच्या गोळ्यापेक्षा मोठी वाटते.

मग असं मराठीत का नाही, हा पुढचा प्रश्न मुलांचाच. अद्भुताचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. नाथमाधवांचं 'वीरधवल' घरोघर वाचलं गेलं, 'चांदोबा'वर दोन पिढ्या वाढल्या. हॅरी पॉटर मराठीत आलं, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांनी आणलं. पण पंधरा वर्षांच्या मुलीसाठी, तिच्याच मातीवर उभं असलेलं, राज्यकर्त्याला प्रश्न विचारणारं अद्भुत फारसं लिहिलं गेलं नाही. किशोरांसाठी लिहायचं म्हणजे बोधकथा, असा आपला समज अजून गेलेला नाही.

माझी एक विद्यार्थिनी सध्या लिहितेय. भाषा तिच्या आजीची, उदगीरकडची. तिची नायिका कोरड्या आडात पाणी बोलावू शकते. अशा कथांत जादूची किंमत काय, हे लेखकाला ठरवावंच लागतं. किंमत नसेल तर कथा पोकळ होते. बहुतेक लेखक ती नायिकेच्या अंगावर टाकतात: थकवा, रक्त, आयुष्य कमी होणं. हिनं ठरवलं, एका आडात पाणी आलं की दूरच्या कुठल्या तरी गावाचा आड तेवढाच आटतो. मी विचारलं, हे सुचलं कुठून? म्हणाली, "मॅडम, मिरजेच्या लोकांना तेव्हा कुणी विचारलं होतं का?"

तिसऱ्या प्रकरणात त्या दुसऱ्या गावाची माणसं येणार आहेत. ती भांडायला येतात की बंडात सामील व्हायला, हे तिचं अजून ठरलेलं नाही. नायिकेनं त्यांच्यासमोर पाण्याचा हिशेब ठेवावा, असं मी सुचवलं. सध्या तरी ती मुक्तिसंग्रामातले सरहद्दीवरचे कॅम्प कसे चालायचे ते वाचतेय. परवा मधल्या सुट्टीत तिनं विचारलं, उमरखेडच्या कॅम्पात रोजचा स्वयंपाक कोण करायचं आणि धान्य कुठून यायचं. तिच्या बंडखोरांनाही जेवायचं आहे.