शोकशल्य आणि कल्याणमैत्री
किसा गोतमी व पटाचारा यांच्या वृत्तान्तांविषयी एक विचार

किसा गोतमीची कथा ठाऊक नाही असा उपासक आपल्यांत विरळाच. मृत बालकाला कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ती माता, ज्या घरात कोणीही मरण पावलेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगणारे भगवान बुद्ध, आणि मोहरीवाचून परतलेली गोतमी ही चित्रे वर्षावासातील प्रवचनांतून आपण अनेकदा ऐकली आहेत. कथेचा बोध बहुधा एका वाक्यात सांगितला जातो : मृत्यू अटळ आहे, म्हणून शोक करू नये. बोध खरा आहे. परंतु कथेत तेवढेच असते तर ते गोतमीला जेतवनातच सांगता आले असते. तिला श्रावस्तीच्या गल्लीगल्लीतून, ज्यांच्याशी तिचे काहीच नाते नव्हते अशा लोकांच्या दारी पाठविण्याचे प्रयोजन काय? या एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ गाथा आणि अट्ठकथा

प्रथम ग्रंथांचा भेद लक्षात घेतला पाहिजे. खुद्दकनिकायातील थेरीगाथेच्या एकादसनिपातात किसा गोतमीच्या अकरा गाथा आहेत. त्यांत मोहरीचा उल्लेख नाही. मोहरीचा वृत्तान्त येतो तो आचार्य धम्मपालकृत थेरीगाथा-अट्ठकथेत आणि धम्मपद-अट्ठकथेत. गाथा हे थेरीचे उद्गार, तर अट्ठकथा ही परंपरेने जपलेली त्यांची पार्श्वभूमी होय. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजेच कथेचा पूर्ण आशय हाती येतो.

अट्ठकथेनुसार गोतमी दरिद्री कुळात जन्मली होती. अंगाने कृश म्हणून ‘किसा’. गरिबाची मुलगी म्हणून सासरी तिचा अनादर होई. पुत्र झाल्यावर मात्र तिला मान मिळू लागला. तो पुत्र खेळण्याबागडण्याच्या वयात मरण पावला, तेव्हा तिच्या मनात आले की, आता हे लोक माझ्या बाळाला बाहेर टाकून देतील. तिच्या शोकात पुत्रवियोग होता, आणि घरात नुकतेच मिळालेले माणूसपण पुन्हा हिरावले जाण्याची धास्तीही होती. जन्माने ठरविलेल्या अवमानाचा अनुभव ज्या समाजाला आहे, त्याला ही धास्ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ती बाळाला घेऊन घरोघर औषध मागू लागली. मेलेल्याला औषध कुठले, म्हणून लोकांनी तिची हेटाळणी केली. एका सुज्ञ पुरुषाने मात्र तिची अवस्था ओळखली आणि तिला भगवंतांकडे जाण्यास सांगितले. या पुरुषाचे नाव अट्ठकथेने दिलेले नाही. तो तिचा कोणीही नव्हता.

भगवंतांनी मागितली ती मोहरी, म्हणजे पालीतील ‘सिद्धत्थक’, ही कोणत्याही घरी मिळणारी वस्तू. थेरीगाथा-अट्ठकथा सांगते की, पहिल्याच घरी लोक मोहरी द्यावयास तयार होते. पण घरात पूर्वी कोणी मेले आहे काय, असे विचारताच, येथे मेलेल्यांची गणती कोण करील, असे उत्तर आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरीही तेच. तेवढ्याने गोतमीचे चित्त ठिकाणावर आले. सबंध नगराचा हाच नियम असणार आणि हे जाणूनच भगवंतांनी करुणेने आपल्याला पाठविले, हे तिने ओळखले. मरण आपल्या एकट्याच्याच बाळावर ओढवले अशी आपली समजूत होती, असे ती त्या निष्प्राण देहाला सांगते. मरण हा कोणा एका गावाचा, नगराचा वा कुळाचा धर्म नसून सकल लोकाचा आहे, असा त्या वेळच्या तिच्या उद्गारांचा भाव आहे.

येथे सूक्ष्मपणे पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्नाचा पालट. आधी गोतमी दारोदार जाऊन स्वतःच्या बाळासाठी औषध मागत होती, आणि दारे तिला हसत होती. भगवंतांनी तिच्या तोंडी दुसरा प्रश्न घातला : तुमच्याकडे कोण गेले? हा प्रश्न ऐकल्यावर हसणे बंद झाले. उंबऱ्याच्या आत उभे असलेले लोक स्वतःच्या मृतांविषयी बोलू लागले. नगर तेच, दारे तीच. फक्त आता वेडीसमोर शहाणे उभे नव्हते, तर शोकार्तासमोर शोकार्त उभे होते. अट्ठकथेने हे या शब्दांत म्हटलेले नाही, हा आम्ही लावलेला अर्थ आहे. परंतु घटनाक्रम त्याला पुष्टी देतो, कारण चित्त ठिकाणावर येण्याची क्रिया जेतवनात घडलेली नसून परक्यांच्या दारात घडलेली आहे. उपदेश त्यानंतरचा आहे.

फेकलेले उपरणे

पटाचारेच्या वृत्तान्तात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही कन्या घरच्या सेवकाबरोबर निघून गेली होती. दुसऱ्या प्रसूतीच्या वेळी वाटेत वादळी पाऊस झाला. पती सर्पदंशाने मेला. नदी ओलांडताना तान्हे मूल ससाण्याने नेले आणि थोरले प्रवाहात वाहून गेले. माहेरी पोहोचण्यापूर्वीच कळले की, रात्रीच्या पावसात घर कोसळून आई, वडील व भाऊ मरण पावले असून त्यांची एकच चिता जळत आहे. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळले नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले, तिच्यावर केरकचरा आणि माती फेकली.

अशा स्थितीत ती धम्मसभेपाशी आली. परिषदेने तिला अडविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिला अडवू नका, असे भगवंत म्हणाले. जवळ येताच त्यांनी तिला भगिनी म्हणून संबोधले आणि स्मृती सावरण्यास सांगितले. भानावर येताच आपण विवस्त्र आहोत हे जाणून ती अंग चोरून खाली बसली. त्या वेळी सभेतील एका पुरुषाने आपले उपरणे तिच्याकडे फेकले. ते गुंडाळून ती पुढे आली आणि आपली सर्व कहाणी तिने सांगितली. ती ऐकून घेतल्यावर भगवंतांनी संसारात ढाळलेल्या अश्रूंचा, समुद्रांच्या पाण्याहूनही अधिक असलेल्या अश्रूंचा, उपदेश केला.

हा क्रम प्रत्येक उपासकाने मनात धरावा असा आहे. प्रथम वाट मोकळी झाली, मग नात्याची हाक मिळाली, मग लज्जारक्षण झाले, मग सांगणे आणि ऐकणे झाले; अनित्यतेचा उपदेश शेवटी आला. मधली पायरी, म्हणजे वस्त्र देण्याची, एका अनामिक श्रोत्याने पार पाडली. ज्या जनसमुदायातून थोड्या वेळापूर्वी कचरा फेकला गेला, त्यासारख्याच समुदायातून हे उपरणे आले. परका माणूस दोन्ही गोष्टी करू शकतो, हे अट्ठकथेने येथे नकळत दाखविले आहे.

पुढे विनयधर भिक्खुनींमध्ये अग्रस्थान मिळविलेल्या पटाचारेकडे शोकार्त स्त्रियांची रीघ लागली. थेरीगाथेतील चन्दा ही विधवा, निपुत्रिक, आप्तहीन होती. सात वर्षे थंडी-उन्हात दारोदार अन्न मागत फिरली होती. पटाचारेने अनुकंपेने तिला प्रव्रज्या दिली. छक्कनिपातात पाचशे स्त्रियांच्या गाथा आहेत. पाचशे हा पाली वाङ्मयातील रूढ संख्यासंकेत समजावा. या भिन्न भिन्न कुळांतील, अपत्यशोकाने पोळलेल्या स्त्रिया होत्या. हृदयात रुतलेले, सहसा दृष्टीस न पडणारे शल्य पटाचारेने उपटून काढले, अशी कृतज्ञता त्या व्यक्त करतात. जिला एका परक्याने वस्त्र दिले, ती अनेक परक्यांचा आधार झाली.

गोतमीच्या मुखी पटाचारा

आता किसा गोतमीच्या मूळ गाथांकडे पुन्हा वळू. पुत्रशोकातून पार पडलेली ही थेरी कशाने आरंभ करते? अनित्यतेने नव्हे, तर कल्याणमित्रतेच्या स्तुतीने. सन्मित्राचा आश्रय केल्याने अज्ञही सुज्ञ होतो आणि मनुष्य दुःखांतून सुटतो, असा त्या आरंभीच्या गाथांचा आशय आहे. त्यानंतर ती स्त्रीजीवनातील दुःखे सांगते आणि मग अकस्मात एक वृत्तान्त येतो : प्रसूतिसमय जवळ आलेली, वाटेत मेलेला पती पाहणारी, दोन पुत्र गमावलेली, आई-वडील-भाऊ एका चितेवर जळताना पाहणारी स्त्री. ही किसा गोतमीची कहाणी नाही. ही पटाचारा आहे. अट्ठकथाही या गाथांचा संबंध पटाचारेच्या वृत्तान्ताशीच जोडते.

दोन थेरींच्या गाथांची सरमिसळ झाली, असे कोणी म्हणेल. पाठपरंपरेत तसे होणे अशक्य नाही. परंतु परंपरेने हा पाठ जसा जपला तसा वाचला, तर त्यात फार मोठा अर्थ आहे. जी गोतमी एकेकाळी आपल्याच बाळावर मरण ओढवले असे समजत होती, ती आता दुसरीचे दुःख स्वतःच्या गाथेत स्वतःच्या दुःखाइतक्या जवळिकीने मांडते. तिच्या मुक्तीची याहून चांगली खूण कोणती? आणि याच गाथांच्या अखेरीस ती सांगते की, तिचे शल्य निघाले आहे आणि भार उतरला आहे.

संयुत्तनिकायातील उपड्ढसुत्तात कल्याणमित्रता म्हणजे ब्रह्मचर्याचा अर्धा भाग, असे आनंद म्हणतात. तेव्हा भगवंत त्यांना दुरुस्त करून ते सबंध ब्रह्मचर्यच आहे असे सांगतात. थेरींच्या या वृत्तान्तांच्या प्रकाशात तो संवाद अधिक उलगडतो.

एक शंका

येथे चिकित्सक वाचक विचारील : मज्झिमनिकायातील पियजातिकसुत्तात तर प्रियजनांपासूनच शोक उत्पन्न होतो असे सांगितले आहे. मग शोक घालविण्यासाठी नवी नाती जोडणे हा उपाय कसा?

याचे उत्तर ‘पेम’ आणि ‘मेत्ता’ यांच्या भेदात आहे. पेमामध्ये ‘माझे’ हा भाव असतो. मेत्तेमध्ये तो नसतो. श्रावस्तीच्या घरांतील लोक गोतमीचे कोणी झाले नाहीत. त्यांच्याशी जडलेले नाते ममत्वाचे नव्हते, समदुःखाचे होते. म्हणून ते नवे बंधन ठरले नाही. सल्लत्थसुत्तातील दृष्टान्ताने सांगावयाचे तर, वियोगाची वेदना हा पहिला बाण आहे, आणि हे माझ्याच वाट्याला का आले, मी एकटाच का, हा मनाने स्वतः मारून घेतलेला दुसरा बाण आहे. पहिला कोणालाही चुकत नाही. दुसरा एकाकीपणात खोल रुततो आणि दुसऱ्याचे दुःख ऐकताना सैल होतो.

धम्म अश्रूंना मज्जाव करतो, असाही एक गैरसमज आढळतो. महापरिनिब्बानसुत्तात आनंद बाजूला जाऊन रडत उभे राहतात. भगवंत त्यांना बोलावून घेतात, शोक आवरण्यास सांगतात, आणि त्यांनी दीर्घकाळ मैत्रीपूर्ण अंतःकरणाने केलेल्या सेवेची सर्वांसमक्ष प्रशंसा करतात. रडणाऱ्याला दूर ठेवलेले नाही; जवळ बोलावलेले आहे.

बाबासाहेब आणि आपण

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला. त्यात भगवंतांच्या मानवतेचे वर्णन करताना बाबासाहेबांनी शोकार्तांचे सांत्वन या विषयासाठी दोन प्रसंग निवडले : विशाखेचा आणि किसा गोतमीचा. विशाखेची नात मरण पावली होती. श्रावस्तीतील सगळ्याच मुली नातीसारख्या असत्या तर त्यांच्यावरही प्रेम केले नसतेस काय, असे भगवंत तिला विचारतात, आणि त्या नगरात रोज किती जणी मरतात याकडे तिचे लक्ष वळवितात. एका नातीवर साठलेली दृष्टी येथे सबंध नगराकडे वळविली जाते. गोतमीला दारोदार पाठविण्यातील युक्तीही हीच. हे प्रसंग निवडणाऱ्या बाबासाहेबांनी स्वतः चार अपत्ये बालपणीच गमावली होती. १९२६ साली राजरत्न गेला आणि १९३५ साली माता रमाईंचे निधन झाले. शोकाविषयी त्यांनी केवळ ग्रंथ वाचून लिहिलेले नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी लोटलेल्या अथांग जनसागरात परस्परांना ओळखणारे किती असतील? तरीही भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत तेथेच त्या शोकाकुल जनांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली. आजही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस रांगेतील अनोळखी माणसाला पाणी देतो, मुलाला सांभाळतो, भाकर वाटून घेतो. समाजाने पितृशोक कसा पेलला, हे येथे समजते.

परंतु हीच गोष्ट आपण घरोघरच्या शोकात करतो काय, असा प्रश्न विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. बावीस प्रतिज्ञांनुसार आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडले. त्याच्या जागी जलदान विधी व पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम आले, आणि ते इष्टच झाले. तथापि पुष्कळ ठिकाणी त्रिशरण-पंचशील होते, मान्यवरांची भाषणे होतात, संस्कारांच्या अनित्यतेची गाथा म्हटली जाते, भोजन होते आणि मंडप उतरतो. जिचे मूल गेले ती माता आतल्या खोलीत असते. तिला कोणी काही विचारलेले नसते. पटाचारेच्या वृत्तान्तातील शेवटची पायरी आपण पहिली केली आणि आधीच्या चार गाळल्या, असे खेदाने म्हणावे लागते.

उपाय अवघड नाही. विहारातील ज्या उपासक-उपासिकांनी स्वतः असा वियोग सोसला आहे, त्यांनी पुण्यानुमोदनानंतरच्या आठवड्यांत दोघा-तिघांनी मिळून त्या घरी जावे. उपदेश करू नये. गेलेल्या व्यक्तीचे नाव घेऊन विचारावे आणि ऐकावे. विचारले गेल्यास आपलेही सांगावे. काही काळाने त्या शोकार्त व्यक्तीलाच दुसऱ्या एखाद्या घरी सोबत न्यावे. आप्तेष्टांनी हे करू नये असे नाही. परंतु आप्त स्वतःच त्या शोकात बुडालेले असतात आणि एकमेकांना जपण्यासाठी गप्प राहतात. परक्यापुढे माणूस मोकळेपणाने बोलतो. धम्माने जोडलेल्या परक्यांचा असा समुदाय आपल्याजवळ प्रत्येक वस्तीत आहे. त्याचेच नाव विहार.

गोतमीला कोणत्याही दारी हवी ती मोहरी मिळाली नाही. तिला मिळाले ते प्रत्येक दारातील उत्तर. ते देण्यासाठी घराघरांतील माणसांना विद्वान असण्याची गरज पडली नाही. दार उघडून बोलणे पुरेसे झाले. आपल्या वस्तीत आज जी गोतमी बसली आहे, तिला दारोदार फिरण्याचे त्राण नसेल. अशा वेळी दारांनीच तिच्याकडे चालत गेले पाहिजे.