भरतीच्या वेळापत्रकावर

दिवाळीच्या मागेपुढे मावळातल्या आंबीजवळ इंद्रायणीच्या काठाला धोबी पक्षी शेपटी नाचवत फिरू लागतो. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर अमूर ससाणे दिसतात. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा जीव सैबेरिया-चीनकडून नागालँड-मणिपूरमार्गे येतो आणि अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिका गाठतो. मावळात हे पाहुणे आयते दिसतात. त्यांचा माग काढतात कसा, हे बघायचे तर घाट उतरून ठाणे खाडी गाठावी.

खाडीच्या पश्चिम अंगाचे सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र 2015 मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाले, 2022 मध्ये रामसर यादीत गेले. ऐरोलीला वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोट सुटते ती भरती बघून. घड्याळाला तिथे कुणी विचारत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित, तुतारी, चिखल्या दूरवर पांगून चरतात. भरती चढली की तेच पक्षी उरलेल्या कोरड्या जागेवर दाटीवाटीने उभे राहतात. त्यातही उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांत फरक पडतो, आणि तो नावाड्याइतका नेमका कुणालाच सांगता येत नाही.

या पक्ष्यांचा माग काढणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही 1883 ची संस्था. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या पुढाकाराने 1959 मध्ये तिने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. निमित्त रोगाचे होते. कर्नाटकात क्यासनूरचा ताप निघाला होता आणि त्याचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांबरोबर येतो काय, अशी शंका होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने हातभार लावला. पक्षी धरण्याचे कसब मात्र विद्यापीठातून आले नाही. बिहारातले मीरशिकार पिढ्यान्‌पिढ्या पारधच करत. त्यांच्यातले अली हुसेन सोसायटीचे सर्वांत नावाजलेले पक्षीधरे. मला विचाराल तर या कामाच्या इतिहासात त्यांचे नाव सालिम अलींच्या शेजारीच यायला हवे.

जाळे काळोखात लावतात. धागा इतका बारीक की पाखराला दिसत नाही. सापडलेली तुतारी सोडवताना आधी पाय मोकळे करायचे, मग पंख. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला. छाती दाबायची नाही, दाबली तर तिचा श्वास अडतो. मग कापडी पिशवीत घालून वजन, पट्टीवर पंख, चोच, पिसे झडण्याची अवस्था. खाचेच्या पकडीने ॲल्युमिनियमची कडी मिटवायची. दोन टोके नीट जुळली पाहिजेत, नाहीतर गवताचा तंतू अडकून पाय जायचा. कडीवर क्रमांक असतो आणि मुंबईला कळवण्याची विनंती.

कडी घातलेल्यांतले फार थोडे पुन्हा कुणाच्या हाती लागतात. म्हणून 2022 मध्ये काही रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांतला ‘हुमायून’ भावनगरकडे गेल्याचे पडद्यावर दिसले. यंत्र रोजचा ठावठिकाणा सांगते, पण ते महाग, आणि मोजक्याच पक्ष्यांना बसते. हजारोंना पुरते ती कडीच.

चिखल राखला म्हणजे पक्षी राखले, हा समज अपुरा आहे. भरतीच्या वेळी टेकायला जागा लागतेच, आणि त्यांतल्या बऱ्याच जागा अभयारण्याबाहेर आहेत. नेरूळच्या डीपीएस तळ्याचे पाणी 2024 मध्ये आटले, तिथे रोहित दगावले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मेले. हे थवे जागा शोधत भरकटले होते काय, यावर अजून वाद आहे.

आंबीच्या शेतात पायात कडी असलेला पक्षी कधी मिळाला, तर क्रमांक, तारीख आणि गावाचे नाव लिहून मुंबईला सोसायटीकडे पाठवावे. क्रमांकाचा फोटो काढला तर उत्तम. मेलेल्या पक्ष्याची कडी पाठवली तरी चालते. जिवंत असेल तर कडीला हात लावायचा नाही, क्रमांक वाचून पक्षी सोडून द्यायचा.