बिग ब्लॉक शेवरोले इंजिनासाठी सिलिंडर हेडची निवड

बिग ब्लॉक शेवरोले हे जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीच्या शेवरोले विभागाने विकसित केलेले मोठ्या घनफळाचे व्ही-८ पेट्रोल इंजिन होय. या इंजिनाची नव्याने बांधणी करताना त्यावर कोणते सिलिंडर हेड बसवावे, यावर त्याची शक्ती, इंधनाची गरज आणि रस्त्यावरील वागणूक मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. सिलिंडर हेड म्हणजे ब्लॉकच्या माथ्यावर बोल्टांनी आवळला जाणारा ओतीव भाग. ज्वलनकक्ष, इनलेट व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्यांच्याकडे जाणारे वायुमार्ग, म्हणजेच पोर्ट, याच भागात असतात. व्ही-८ रचनेत असे दोन हेड लागतात.

पार्श्वभूमी

शेवरोलेचे पहिले बिग ब्लॉक इंजिन १९५८ साली ३४८ घन इंच घनफळात आले. त्याच्या हेडचा तळ सपाट होता आणि ज्वलन मुख्यतः सिलिंडरच्या वरच्या भागातच होत असे. आज ज्या हेडविषयी चर्चा होते ते १९६५ साली ३९६ घन इंच इंजिनासोबत आलेल्या ‘मार्क ४’ मालिकेचे. पुढे ४२७ आणि १९७० साली ४५४ घन इंचाची (सुमारे ७.४ लिटर) इंजिने याच मालिकेत निघाली. १९९१ पासून ‘मार्क ५’ आणि १९९६ पासून सहाव्या पिढीचे ब्लॉक वापरात आले.

मार्क ४ हेडमध्ये व्हॉल्व्ह एका रांगेत समांतर न ठेवता दोन दिशांनी कलते बसवलेले आहेत. झाकण काढल्यावर व्हॉल्व्हच्या दांड्या वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या दिसतात, म्हणून या इंजिनाला अमेरिकेत ‘साळिंदर’ असे टोपणनाव पडले. कलत्या मांडणीमुळे व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकतो आणि मोठ्या व्हॉल्व्हलाही श्वास घेण्यास जागा मिळते. या सोयीची किंमतही आहे. प्रत्येक हेडमधील शेजारशेजारच्या दोन इनलेट पोर्टांपैकी एक लांब व एक आखूड होतो आणि दोन्हींतून सारखी हवा जात नाही. बांधणारे त्यांना सरळ ‘चांगला’ आणि ‘वाईट’ पोर्ट म्हणतात. त्यामुळे हेडची प्रवाहक्षमता सांगणारा आकडा कोणत्या पोर्टवर मोजलेला आहे, हे विचारून घेणे योग्य.

पोर्टचा आकार

मूळ कारखानी हेडचे इनलेट पोर्टच्या आकारावरून दोन मुख्य प्रकार पडतात : लंबगोल आणि आयताकृती. लंबगोल पोर्टच्या हेडमध्ये इनलेट व्हॉल्व्हचा व्यास सामान्यतः २.०६ इंच, तर आयताकृती पोर्टच्या हेडमध्ये २.१९ इंच असतो. आयताकृती पोर्टचे घनफळ ३०० घन सेंटीमीटरपेक्षा अधिक असते. लंबगोल पोर्टचे घनफळ त्याहून बरेच कमी असते. ट्रक व नंतरच्या काळातील मोटारींसाठी याहूनही लहान लंबगोल पोर्ट वापरला गेला. त्याला ‘पीनट’, म्हणजे शेंगदाणा पोर्ट, असे म्हणतात.

आयताकृती पोर्टचे आकर्षण मोठे आहे, कारण कारखान्याने आपली सर्वांत नावाजलेली इंजिने त्यावरच बांधली. १९६७ सालचे एल८८ आणि १९७० सालचे ४५० अश्वशक्तीचे एलएस६ ही त्यांतील ठळक उदाहरणे. मात्र रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीसाठी हा आकार बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, आणि त्याचे कारण साध्या हिशेबाने समजते. चार-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा भरतो. सिलिंडर पूर्ण भरतात असे धरले, तर ४५४ घन इंचाच्या इंजिनाला मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर सुमारे ७२० घनफूट हवा लागते. ३,००० फेऱ्यांवर तेच इंजिन ३९५ घनफुटांच्या आत हवा घेते. पोर्ट तोच असल्याने त्यातील हवेचा वेगही त्याच प्रमाणात घटतो. वेगाने येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो. पिस्टन तळाशी पोचून वर वळू लागला, तरी त्या जोरावर हवा सिलिंडरमध्ये शिरत राहते. पोर्ट अवास्तव मोठा असेल, तर कमी फेऱ्यांवर हा जोर राहत नाही, पेट्रोलचे थेंब हवेत नीट मिसळून राहत नाहीत आणि सिलिंडर अर्धवट भरतो. मोटार सिग्नलवरून निघताना जड वाटते आणि पेट्रोलही अधिक पिते.

म्हणून ४५४ घन इंचाचे इंजिन ५,५०० फेऱ्यांच्या आतच चालवायचे असेल, तर मोठा लंबगोल पोर्ट हीच सामान्यतः शहाणपणाची निवड ठरते. ओझे ओढणाऱ्या ट्रकसाठी शेंगदाणा पोर्टही वाईट नाही. त्याची जी टिंगल होते ती शर्यतीच्या मोजपट्टीने केलेली आहे. सिलिंडरचे घनफळ ५०० घन इंचांच्या पुढे गेले किंवा इंजिन ६,५०० फेऱ्यांपर्यंत न्यायचे असले, म्हणजे मोठ्या आयताकृती पोर्टला काम मिळते.

ज्वलनकक्ष आणि पिस्टन

निवडीतील सर्वांत महागडी चूक पोर्टच्या नव्हे, तर ज्वलनकक्षाच्या बाबतीत होते. सुरुवातीच्या मार्क ४ हेडचा कक्ष ‘बंद’ प्रकारचा, म्हणजे व्हॉल्व्हभोवती आवळलेला असून त्याचे घनफळ साधारण १०० घन सेंटीमीटर असते. पुढे आलेल्या ‘खुल्या’ कक्षात स्पार्क प्लगच्या बाजूची भिंत मागे सरकवली गेली आणि घनफळ ११८ ते ११९ घन सेंटीमीटरपर्यंत वाढले.

हा फरक किरकोळ नाही. ४५४ घन इंचाच्या इंजिनाचा एक सिलिंडर ९३० घन सेंटीमीटर हवा ओढतो. पिस्टन सपाट माथ्याचा असून गॅस्केटची जाडी आणि पिस्टनवरची फट मिळून १५ घन सेंटीमीटर जागा उरते असे धरू. अशा वेळी खुल्या कक्षाने संपीडन गुणोत्तर ७.९ येते, तर बंद कक्षाने ९.१. पहिले इंजिन मंद व सुस्त राहील, दुसरे साध्या पेट्रोलवर उत्तम चालेल. घुमटाकार पिस्टन वापरल्यास दोन्ही आकडे वर जातात, पण तेथे वेगळा धोका आहे. बंद कक्षासाठी घडवलेला घुमट खुल्या कक्षात मावतो. खुल्या कक्षासाठी घडवलेला घुमट मात्र बंद कक्षाच्या भिंतीवर आदळतो. म्हणून आधीपासून ब्लॉकमध्ये असलेले पिस्टन ओळखल्याशिवाय हेड विकत घेऊ नये. जुळवणी करताना पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा थर देऊन, हेड तात्पुरता आवळून इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात. मग मातीवर उमटलेल्या ठशाची जाडी मोजून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतील अंतर तपासतात. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि ते टाळण्यासारखे नाही.

संपीडन गुणोत्तर फार वाढल्यास मिश्रण वेळेआधी आपोआप पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. असे ठोके चालू राहिले तर पिस्टन फुटतात. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर बिडाच्या हेडसाठी सुमारे ९.५ आणि ॲल्युमिनियमच्या हेडसाठी १० ते १०.५ हे गुणोत्तर बहुतेक बांधणारे सुरक्षित मानतात. एल८८ चे १२.५ हे गुणोत्तर उच्च ऑक्टेनच्या इंधनासाठी होते. त्याची नक्कल आजच्या पंपावरील पेट्रोलवर चालत नाही.

प्रवाहाचे आकडे

नव्या हेडच्या जाहिरातीत २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर मोजलेला हवेचा प्रवाह दिलेला असतो. एका प्रचलित सूत्राप्रमाणे हा आकडा (घनफूट प्रतिमिनिट) ०.२५७ ने आणि सिलिंडरांच्या संख्येने गुणला, म्हणजे शक्य असलेल्या अश्वशक्तीची कमाल मर्यादा मिळते. ३०० घनफूट प्रवाहाला ती सुमारे ६१७ येते. ही मर्यादा आहे, हमी नव्हे.

जाहिरातीतील मोठा आकडा पुष्कळदा ०.७०० इंच उघडलेल्या व्हॉल्व्हवरचा असतो. रस्त्यावरच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह ०.५५० इंचच उघडत असेल, तर त्या आकड्याचा खरेदीदाराला काहीही उपयोग नाही. शिवाय प्रत्येक चक्रात व्हॉल्व्ह कमाल उंचीला एकदाच पोचतो, मधल्या उंचीवरून मात्र उघडताना आणि मिटताना असा दोनदा जातो. त्यामुळे ०.३०० ते ०.५०० इंचांमधील प्रवाहाची तुलना अधिक बोलकी असते.

जुना बिडाचा की नवा ॲल्युमिनियमचा

बिडाच्या जुन्या हेडची ओळख व्हॉल्व्हच्या झाकणाखाली ओतलेल्या क्रमांकावरून पटते. ३५३०४९ आणि ३३६७८१ हे मोठ्या लंबगोल पोर्टचे व खुल्या कक्षाचे, ३४६२३६ हा शेंगदाणा पोर्टचा, तर ३९६४२९१ हा १९७० च्या एलएस६ चा आयताकृती पोर्ट व बंद कक्ष असलेला हेड होय. जुना हेड स्वस्त वाटतो. पण तडे तपासणे, व्हॉल्व्ह गाइड बदलणे, शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण धातूची एक्झॉस्ट सीट बसवणे, नवे स्प्रिंग घालणे आणि तळ सपाट करणे हा खर्च जोडल्यावर नव्या ॲल्युमिनियमच्या जोडीशी असलेले अंतर फारसे उरत नाही. एडलब्रॉक, ब्रॉडिक्स, डार्ट, एअर फ्लो रिसर्च या कंपन्या असे हेड बनवतात. ॲल्युमिनियममुळे मोटारीच्या नाकावरील वजन साधारण ३० किलोग्रॅमने घटते. मोटार मूळ स्वरूपात जतन करायची असल्यास मात्र योग्य क्रमांकाच्या बिडाच्या हेडला पर्याय नाही.

जुळणी

इनटेक मॅनिफोल्ड हेडच्याच पोर्टचा असावा. लंबगोल मॅनिफोल्ड आयताकृती हेडवर कसाबसा चालतो. उलट केल्यास हेडचा काठ वायुमार्गात आडवा येतो आणि गॅस्केटही नीट बसत नाही. ट्रकसाठीच्या उंच ब्लॉकवर (९.८ ऐवजी १०.२ इंच) हेड तोच बसतो, परंतु दोन हेडमधील अंतर वाढल्याने मॅनिफोल्ड रुंद लागतो.

मार्क ४ चे हेड मार्क ५ किंवा सहाव्या पिढीच्या ब्लॉकवर बसवताना पाण्याच्या वाटांकडे लक्ष द्यावे लागते. नव्या ब्लॉकच्या माथ्यावरील पाण्याची छिद्रे वेगळी असून जुन्या हेडच्या तळाने ती पूर्ण झाकली जातीलच असे नाही. तसे झाल्यास पाणी कॅमशाफ्टवरील पोकळीत उतरून तेलात मिसळते आणि बेअरिंग निकामी होतात. म्हणून खरेदीपूर्वी ब्लॉकची पिढी निश्चित करून त्याच पिढीसाठी शिफारस केलेले हेड व गॅस्केट घ्यावे, आणि आवळण्यापूर्वी गॅस्केट आळीपाळीने ब्लॉकवर व हेडवर ठेवून प्रत्येक छिद्र जुळते का, हे डोळ्यांनी पाहावे.